धुराडं आडवं का हलतं? आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

4 डिसेंबर

विषय ठरला. मॅडमना आधी 'गोल दंडगोलावरील वाऱ्याचा भार' असं शीर्षक दिलं होतं. त्यांनी विचारलं, "कुठला दंडगोल?" तेव्हा मी मामाच्या गुऱ्हाळाचं धुराडं सांगितलं.

गोष्ट गेल्या एप्रिलची. मामाचं गुऱ्हाळ कोल्हापूरपासून तासाभरावर आहे. काहिलीवर रस उकळत होता आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला. वादळ नव्हे, दोरीवरचं धोतर फडफडेल इतकाच. तेवढ्यात धुराडं झुलायला लागलं. गुळव्या काहील तशीच टाकून बाहेर पळाला. मामाच्या डोक्यात अजून बसलंय ते वेगळंच. "वारा मावळतीकडनं उगवतीला, आन् धुराडं हलतंय दक्षिण-उत्तर. वाऱ्याबरोबर न्हाई, आडवं! ह्ये कुठलं शास्त्र, सांग पोरी." वारा जरा वाढला तेव्हा हलणं थांबलं, हेही तो सांगतो आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आमचा बसला, कारण पुस्तकात नेमकं हेच लिहिलेलं आहे. आता ते मोजून दाखवायचं. आम्ही तिघं: मी, हॉस्टेलवाली मैत्रीण आणि एक वर्गमित्र, ज्याला वेल्डिंग येतं आणि लिहायचा कंटाळा आहे. म्हणून नोंदी माझ्याकडे.

12 डिसेंबर, गुऱ्हाळावर

धुराडं मोजलं. उंची 12 मीटर, व्यास 50 सेंटीमीटर, पत्रा 3 मिमी. खाली विटांचा चौथरा, त्यात आठ बोल्ट. पूर्वी तीन ताण-तारा होत्या. त्यातली एक ट्रॉली वळवताना सारखी आडवी यायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी सोडली. एक सुटल्यावर उरलेल्या दोन ढिल्या पडल्या आणि त्याही गुंडाळून ठेवल्या. म्हणजे धुराडं आता नुसतं बुडाशी धरलेल्या काठीसारखं उभं आहे.

शिडीने सहा मीटरवर मोबाइल चिकटपट्टीने बांधला, त्यातला कंपनमापक सुरू केला. वरच्या कड्याला दोर बांधून दोघांनी ओढला आणि एकदम सोडला. आलेख सुंदर आला: सेकंदाला 3.1 झोके. झोका निम्मा व्हायला जवळजवळ 45 झोके लागले. म्हणजे एकदा हलवलं की हे बराच वेळ हलत राहतं. वेल्ड केलेल्या, आतून अस्तर नसलेल्या पत्र्याचा हा स्वभावच असतो. कंपन जिरवायला त्यात काहीच नाही.

परतताना एसटीत गणित केलं. बुडाशी घट्ट धरलेल्या पातळ नळीची नैसर्गिक वारंवारता काढली तर 3.5 हर्ट्झ येते. मोजलेली 3.1 आहे, कारण चौथरा थोडा दबतो. या गणितात एक गंमत सापडली. पत्र्याची जाडी अंशातही येते आणि छेदातही, आणि कटून जाते! मामा मघाशी म्हणत होता, "5 मिमीचा पत्रा घालतो, मग बघू कसं हलतंय." वारंवारता तशीच राहील, मामा. जाडीने वजन वाढतं, त्याने झोका थोडा लहान होईल, पण ज्या वाऱ्याला हलायचं त्याच वाऱ्याला हलेल. त्याला हे फोनवर सांगितलं. पटलेलं नाही.

21 डिसेंबर

वर्कशॉपमध्ये वातबोगदा बांधतोय. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे प्लायवूडचं खोकं. चाचणीचा भाग 30 बाय 30 सेंटीमीटर, त्याला एका बाजूने पारदर्शक ॲक्रिलिक. शेवटी 18 इंची एक्झॉस्ट पंखा. आधी पंखा पुढे लावून हवा ढकलली, तर ती पिळा घेत आत यायची. दोरा धरला की दोराच गोल फिरायचा. मग पंखा मागे नेऊन हवा ओढायला लावली. वर्कशॉपमधले अण्णा म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो." मग सांगायचं ना!

तोंडाशी हवा सरळ करायला स्ट्रॉची जाळी. 45 बाय 45 सेंटीमीटरच्या चौकटीला साडेपाच हजार स्ट्रॉ लागल्या. प्लॅस्टिकच्या मिळत नाहीत, कागदी घेतल्या, आणि त्या फेव्हिकॉलने फुगून वाकड्या झाल्या. दुसऱ्या वेळी फक्त कडांना ग्लूगन. दोन संध्याकाळी यातच गेल्या. तोंड आणि चाचणीचा भाग यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर सव्वादोन. मॅडम म्हणाल्या, चांगल्या बोगद्यात ते 6 ते 9 असतं. आमच्याकडे तेवढं प्लायवूड नाही, आणि वर्कशॉपला तेवढं दारही नाही.

वाऱ्याचा वेग कमाल 11 मी/से. मध्यभागी फरक 3 टक्क्यांच्या आत.

6 जानेवारी

नमुना म्हणजे 32 मिमीचा पीव्हीसी पाइप. मधोमध 1 मिमीचं एकच भोक, आतून बारीक नळी बाहेर काढून मॅनोमीटरला (दाब मोजणारी पाण्याची नळी). पाइप बोगद्यात आडवा बसवला, एका टोकाला कोनमापक. पाइप फिरवला की भोक वाऱ्याच्या समोरून बाजूला आणि बाजूवरून मागे जातं. एका भोकात अख्खा परीघ मोजून होतो.

दाब फार थोडा. 11 मी/से ला समोरचा दाब 66 पास्कल, म्हणजे पाण्याचा 6.7 मिमीचा स्तंभ. उभ्या नळीत हे वाचताच येत नाही. म्हणून नळी 10 ला 1 अशा उतारावर तिरपी ठेवली, पाण्यात शाईचा थेंब टाकला. आता 6.7 मिमीचे 67 मिमी दिसतात.

इथे हवेची घनता 1.2 धरायची नाही, ही चूक मैत्रिणीने पकडली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आणि वर्कशॉपमध्ये 30 अंश. घनता 1.09 येते. 9 टक्क्यांचा फरक.

9 जानेवारी

आजचे आकडे. जसे वाचले तसे लिहिते. समोर 0 अंशाला 67 मिमी वर. 20 अंशाला 42. 30 ला 12. 35 च्या आसपास शून्य: इथे पाइपला वारा लागतोय हे मॅनोमीटरला कळतच नाही. मग खाली. 50 ला उणे 53, 70 ला उणे 87. 80 नंतर रेष जवळजवळ सपाट होते आणि मागे 180 अंशापर्यंत उणे 84 च्या आगेमागेच राहते.

पुस्तकातलं आदर्श प्रवाहाचं सूत्र (चिकटपणा नसलेल्या हवेचं) 90 अंशाला उणे 3 पट दाब सांगतं आणि मागे पुन्हा पूर्ण अधिक 1. त्या सूत्राने पाइपवर एकूण जोर शून्य येतो. दालांबेरने 1752 साली हा घोळ दाखवून दिला आणि पुढे दीडशे वर्षं त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. उत्तर 1904 मध्ये प्रांटलने दिलं: पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर, सीमास्तर. तो थर पाइपच्या पाठीवर चढणाऱ्या दाबाला तोंड देताना दमतो आणि 80 अंशाच्या आसपास पृष्ठभाग सोडतो. आमची सपाट रेष म्हणजे तोच सुटलेला प्रवाह. सीमास्तर हा शब्द तिसऱ्या सत्रात पाठ केला होता. तो आज तिरप्या नळीत दिसला.

10 जानेवारी

रात्री झोप लागेना म्हणून आकड्यांची बेरीज केली. प्रत्येक कोनाच्या दाबाला कोज्याने गुणायचं आणि एकत्र करायचं, की वाऱ्याच्या दिशेतला जोर मिळतो. ड्रॅगचा, म्हणजे या ओढीचा, गुणांक 1.31 आला. पुस्तकात 1.2. पाइपने बोगद्याची 10.7 टक्के वाट अडवली आहे, त्यामुळे हवा बाजूने जास्त वेगाने जाते. त्याची दुरुस्ती केली की 1.18. एवढं जुळलं म्हणून खूश होऊन वही मिटणार होते.

सहज म्हणून बेरीज दोन भागांत तोडली. 0 ते 90 अंश म्हणजे वाऱ्याकडची बाजू, आणि 90 ते 180 म्हणजे पाठ.

समोरच्या बाजूचा वाटा 0.06. पाठीचा 1.25.

तीनदा तपासलं. बरोबरच आहे. समोर मध्यभागी वारा ढकलतो खरा, पण 35 अंशाच्या पलीकडे तीच पुढची बाजू वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने ओढली जाते, आणि दोन्ही जवळजवळ फिटतात. उरते ती पाठीमागची ओढ. लहानपणापासून आपण 'वाऱ्याने ढकललं' म्हणतो. गोल खांबाच्या बाबतीत वारा ढकलत नाहीच, मागे जाऊन ओढतो. मामाच्या धुराड्याचं कोडं सोडवायचं तर धुराड्याच्या समोर उभं राहून उपयोग नाही. पाठीमागे काय चाललंय ते बघायला हवं.

मैत्रिणीला रात्री दोन वाजता मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

18 जानेवारी, घरी

संक्रांतीच्या सुट्टीला जोडून घरी आले. परातीत पाणी, वर चाळलेली हळद शिंपडली, जाड पेन्सिल उभी धरून संथपणे ओढली. मागे भोवरे सुटतात: एक डावीकडे, मग एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एकाआड एक, पावलांच्या ठशांसारखे. आईने हळदीचा भाव सांगितला आणि परात मलाच घासायला लावली.

या भोवऱ्यांच्या रांगेला कार्मानचं नाव आहे. पण गोष्ट सुरू झाली ती हीमेंझपासून. तो जर्मनीत गटिंगेनला प्रांटलचा विद्यार्थी. पाण्याच्या पाटात गोल नळी ठेवून तिच्यावरचा दाब मोजायचा, एवढंच त्याचं काम. आमचंच काम. पण त्याचा प्रवाह सारखा डुलायचा. आधी वाटलं नळी नीट गोल नाही, मग वाटलं पाट सारखा नाही. दोन्ही तासून तासून बारीक केलं तरी डुलणं थांबेना. तिथेच असलेला कार्मान रोज विचारायचा, आज तरी थांबलं का? शेवटी त्याच्या लक्षात आलं की चूक मांडणीत नसेल, प्रवाहाचीच ती चाल असेल, आणि 1911 मध्ये त्याने एकाआड एक भोवऱ्यांच्या रांगेचं गणित मांडलं.

डावीकडून भोवरा सुटतो तेव्हा नळीवरची ओढ एका बाजूला झुकते, उजवीकडून सुटतो तेव्हा दुसऱ्या बाजूला. वाऱ्याला आडवी. हेच मामाचं दक्षिण-उत्तर.

28 जानेवारी

आज पेढे वाटले आणि परत घ्यायची वेळ आली.

भोवरे सेकंदाला किती सुटतात हे मोजायचं होतं. पाइपमागे थोडं बाजूला छोटा मायक्रोफोन, लॅपटॉपवर आलेख. नियम साधा आहे. वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग, हे गुणोत्तर 0.2 च्या आसपास राहतं. 1878 मध्ये स्ट्रूहलने वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास करताना हे शोधलं. तार जाड की स्वर खाली, वारा जोराचा की स्वर वर, आणि तार किती ताणलेली आहे याचा संबंध नाही. 32 मिमीचा पाइप आणि 8 मी/से वारा: हिशोबाने 50 हर्ट्झ.

आलेखात 50 हर्ट्झला टोकदार सुळका! वर्गमित्राने पेढे आणले. मॅडमनी येऊन आलेख पाहिला, काही न बोलता पंखा बंद केला. वारा थांबला. सुळका जागेवर.

घराघरांत येणारी वीज 50 हर्ट्झची असते हे आम्हाला, बी. ई. च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना, कुणी सांगायला हवं होतं का? लॅपटॉपच्या चार्जरची गुणगुण होती ती. योगायोगाने आम्ही नेमका असा वेग निवडला होता की खोटं उत्तरही बरोबर यावं. 7 मी/से ला मोजलं असतं तर तेव्हाच उघडं पडलं असतं.

2 फेब्रुवारी

चार्जर काढला, बॅटरीवर चालवलं. शिवाय एकाच वेगावर कधीच थांबायचं नाही असं ठरवलं. पंख्यामागे वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्या लावून वेग बदलला. 5 मी/से ला 33 हर्ट्झ, 7 ला 46, 9 ला 59, 11 ला 72. चारही वेळा गुणोत्तर 0.21. बोगदा अरुंद आहे म्हणून किंचित जास्त. शेजारी 93 हर्ट्झचा आणखी एक सुळका आहे, तो पंख्याच्या पात्यांचा: मिनिटाला 1400 फेरे, चार पाती. वेग बदलला तरी तो हलत नाही, त्यावरूनच ओळखला.

आता धुराडं. व्यास 0.5, वारंवारता 3.1, गुणोत्तर 0.2. कुठल्या वाऱ्याला भोवऱ्यांची चाल धुराड्याच्या झोक्याशी जुळेल? 7.75 मी/से. ताशी 28 किलोमीटर. दोरीवरचं धोतर फडफडेल इतका.

या वाऱ्याचा सरळ जोर किती? अख्ख्या धुराड्यावर मिळून 24 किलो वजनाइतका. एका पोराने टेकावं एवढाच. तुलनेसाठी: आयएस 875 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागातल्या वाऱ्याच्या नकाशात आमचा पट्टा 39 मी/से चा आहे (मुंबई 44). त्या वाऱ्याला हाच गुणांक धरला तर 610 किलो येतात. प्रत्यक्षात तेवढ्या वेगाला गुणांक उतरतो, ते पुढे बघू. पण एप्रिलच्या त्या संध्याकाळी 610 नव्हते, 24 होते. त्यातलाही थोडा भाग सेकंदाला तीनदा डावी-उजवीकडे. झोपाळ्यावरच्या पोराला करंगळीनेही उंच नेता येतं, टेकू वेळेवर दिला की. आणि वारा आणखी वाढला की भोवरे घाईने सुटतात, टेकूची वेळ चुकते, झुलणं थांबतं. मामा खोटं बोलत नव्हता.

वजन आणि कंपन जिरवण्याची ताकद मिळून एक अंक काढतात, त्याला स्क्रूटनचं नाव आहे. धुराड्याचा 4.2 आला. 5 च्या खाली म्हणजे धोक्याचं. पत्रा दुप्पट जाड केला तरी साडेआठच्या पुढे जात नाही.

13 फेब्रुवारी

फसलेला आठवडा. तरी लिहिते.

प्रश्न असा की नमुन्याचा रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि हवेचा चिकटपणा मिळून काढतात तो) 20,000 आणि धुराड्याचा 7.75 मी/से ला 2 लाख 27 हजार. मधे एक विचित्र गोष्ट घडते. गुळगुळीत नळीसाठी 2 ते 4 लाखांच्या दरम्यान सीमास्तर स्वतःच खळबळीचा होतो, त्याला जास्त जोम येतो, आणि तो 80 अंशाऐवजी 120 अंशापर्यंत पाठीला धरून राहतो. मागची पोकळी अरुंद होते, ओढ एकदम घसरते, गुणांक 1.2 वरून 0.3 पर्यंत. वारा वाढला आणि जोर कमी झाला, असंही काही वेगांना होऊ शकतं. 1912 मध्ये आयफेलने (तोच, मनोऱ्यावाला) गोळ्यांवर मोजलं तेव्हा त्याचे आकडे गटिंगेनच्या निम्म्याहून कमी आले. वाटलं कुणीतरी चुकलंय. 1914 मध्ये प्रांटलने गोळ्यावर बारीक तारेचं कडं चढवून, मुद्दाम सीमास्तर बिघडवून, आयफेलचा आकडा स्वतःच्या बोगद्यात आणून दाखवला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे याच कामाचे.

आम्हीही तसंच करायचं ठरवलं. पाइपला 60 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला. काही फरक नाही. मग 50 अंशावर दोन्ही बाजूंना बारीक तार चिकटवली. काही फरक नाही. 20,000 ला सीमास्तर इतका शांत असतो की एवढ्या टोचणीने तो जागा होत नाही. जाड पाइप घ्यावा तर बोगदा अडतो, वेग वाढवावा तर पंखा नाही.

म्हणजे धुराडं नेमकं त्या उंबरठ्यावर आहे जिथपर्यंत आमचा बोगदा पोचत नाही. तिथे भोवऱ्यांची चाल विस्कटू शकते आणि 0.2 हा आकडाही डळमळतो. धुराडं झुललं ही साक्ष आहे, त्यामुळे चाल पुरती मोडलेली नव्हती एवढं नक्की. अहवालात हे असंच लिहायचं. वर्गमित्राचं म्हणणं, परीक्षकांना कशाला दाखवायचं? मॅडमचं म्हणणं, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

22 फेब्रुवारी

उपाय. मोठ्या पोलादी चिमण्यांच्या वरच्या टोकाला मळसूत्रासारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात. शोभेच्या वाटतात. पुण्याहून येताना एका कारखान्याच्या चिमणीवर मी लहानपणापासून बघतेय, मला तो शिडीचा प्रकार वाटायचा! त्या स्क्रूटनच्या आहेत, इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या. तीन पट्ट्या, प्रत्येकीची उंची व्यासाचा दहावा भाग, आणि पाच व्यास उंचीत एक पूर्ण वेढा. त्या भोवरे बंद करत नाहीत. प्रत्येक उंचीवर हवा वेगळ्या कोनात सुटते, त्यामुळे खालचा भोवरा डावीकडे निघतो तेव्हा वरचा उजवीकडे. सगळे एका तालात ओढत नाहीत.

पाइपला 3 मिमीचं रबरी बीडिंग तीन पदरी गुंडाळलं. मायक्रोफोनवर 72 चा सुळका गोंगाटात बुडाला. शोधूनही सापडेना. इतका स्वच्छ निकाल या प्रकल्पात दुसरा नाही.

पण फुकट काही नाही. जोर मोजायला पाइप सी-सॉसारख्या दांडीवर ठेवून दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवलं होतं. साधा पाइप 80 ग्रॅम. पट्ट्यांसकट 94. आडवं हलणं जातं, सरळ ओढ वाढते. बुडाचे बोल्ट वाढीव जोराला तपासावे लागतील.

3 मार्च

मामाचा फोन. पुढच्या हंगामात दुसरं चुलवण घालायचंय, त्याचं धुराडं पहिल्याच्या शेजारी, एकाच चौथऱ्यावर, मीटरभर अंतराने उभं केलं तर वीट वाचेल. चालेल का?

बोगद्यात दोन पाइप एकामागे एक ठेवले, केंद्रापासून केंद्रापर्यंत दोन व्यासांवर. मागच्या पाइपखालचा काटा उणे 22 दाखवू लागला. वाटलं काटा उलटा बसला. नाही: मागचा पाइप खरोखर वाऱ्याच्या विरुद्ध, पुढच्याकडे खेचला जातोय. तो पुढच्याच्या पोकळीत बसलाय. अंतर वाढवत नेलं तर पाच व्यासांवर अधिक 20 झाले. पण तिथे मायक्रोफोन वेड्यासारखा उसळतो, कारण पुढच्याचे सुटे भोवरे मागच्यावर आदळतात. मैत्रीण म्हणाली, सरासरी बघितली तर मागचा पाइप सुखात आहे. सरासरीच फसवते.

इंग्लंडात फेरीब्रिजला वीजकेंद्राचे आठ शीतकरण मनोरे होते, प्रत्येकी 114 मीटर. 1 नोव्हेंबर 1965 च्या वाऱ्यात तीन कोसळले. पडले ते मागच्या ओळीतले, वाऱ्याच्या तोंडावरचे उभे राहिले. आराखड्याआधी बोगद्यात तपासला होता तो एकटा मनोरा, आणि वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीचा धरला होता, झोतांचा नाही. ते मनोरे धुराड्यासारखे झुलून पडले नाहीत, ताणाने फाटले. कारण वेगळं, पण शेजाऱ्याचा जाच तोच.

मामाला सांगितलं: एका चौथऱ्यावर नको. वारा बहुतेक पूर्व-पश्चिम, म्हणून दोन धुराडी दक्षिण-उत्तर रेषेत ठेव, आणि जितकी लांब जमतील तितकी. शेडच्या दुसऱ्या टोकाला सात मीटर मिळतात. तो म्हणाला, "वीट वाचवायला गेलो, आन् तू चौथराच वाढवलास."

30 मार्च

धुराड्यासाठी ठरलेलं: वरच्या 4 मीटरवर 5 सेंटीमीटर उंचीच्या तीन पट्ट्या, अडीच मीटरला एक वेढा. ताण-तारा तीन, 120 अंशांवर, 8 मीटर उंचीवरून. ट्रॉलीच्या वाटेतली तार एका खांबावरून उंच नेऊन खाली उतरवायची. बोल्टांचं गणित आयएस 6533 प्रमाणे पुन्हा केलं, आठही बोल्ट पुरतात, मात्र दोनांच्या चाक्या हाताने फिरत होत्या. त्या आवळल्या.

पट्ट्या वेढ्यात वाकवणं हे खरं काम होतं. त्याचं श्रेय वर्गमित्र आणि अण्णांचं. सरळ पट्टी धुराड्यावर मळसूत्रात बसत नाही, कड ताणावी लागते. म्हणून 30 सेंटीमीटरचे तुकडे करून पायऱ्या-पायऱ्यांनी वेल्ड केले. जवळून ओबडधोबड दिसतं. वाऱ्याला चालतं.

12 एप्रिल, गुऱ्हाळावर

हंगाम संपत आलाय, चिपाडाचे ढीग अर्ध्यावर. दुपारी चारपासून वारा धरून बसलो. साडेपाचला हातातल्या यंत्रावर 7 ते 8 मी/से, वीस मिनिटं टिकला. हवा होता तोच. मोबाइल सहा मीटरवर. आलेखात 3 च्या आसपास काहीच नाही. तारांमुळे वारंवारता 6 च्या वर गेली आहे, तिथेही जेमतेम थरथर.

अडचण अशी की हे पट्ट्यांमुळे की तारांमुळे, हे यावरून सांगता येत नाही. तारा सोडून एकदा मोजलं तर कळेल. मी मामाला विचारलं. तो काहिलीवरची मळी काढत होता, मान वर न करता म्हणाला, "तुझ्या आलेखापायी माझं धुराडं सोडू व्हय?"

जाताना अंधार पडला होता. 8 मिमीच्या तारा बारीक आवाजात वाजत होत्या. मोबाइलवर 195 हर्ट्झ.